कुलपाचा तिसरा वाढदिवस

सोनिवली
रविवार, २२ जून २०२५

दादूस,

तू मला व्हॉट्सअ‍ॅपवर ब्लॉक केलंस, फोनवर ब्लॉक केलंस, इन्स्टावर तर केलंसच, आणि परवा आईच्या फोनवरून लावला तर माझा आवाज ऐकल्या ऐकल्या कट केलास. ठीक आहे. कागद ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही. आई दर आठवड्याला चिखलोलीला तुझ्या खोलीवर डबा घेऊन येते, त्या पिशवीत भाकऱ्यांच्या खाली हे पत्र असेल. तेलाचा डाग पडला तर मला बोलू नकोस, सुकट आईनं बांधलीय.

पाच महिने झाले तुला घर सोडून. आई म्हणते तू बारीक झालायस. मी म्हटलं, शेठच्या मागे धावून होणारच. तर माझ्यावरच ओरडली, "तूच घालवलास त्याला, आता तूच आन." बघ, माझी आई पण तुझ्याच पार्टीत.

मी मजेत आहे. उल्हासनगरला कमलेशजींच्या फ्लेक्सच्या दुकानातच आहे, दिवसाला दहा वाढदिवस डिझाइन करते. सगळे भावी. भावी नगरसेवक, भावी सभापती, काल तर एकाचं वय नऊ आणि खाली 'भावी युवा नेतृत्व'. आमचं इन्स्टाचं चेष्टेचं पेजही जोरात आहे. 'भावी बेकार मित्र मंडळ', सभासद एकसष्ट हजार. डिझाइन माझं, आवाज नेत्राचा. नेत्रा आठवते ना, डी विंगमधली, चष्मेवाली, तुझ्याकडून इतिहासाच्या नोट्स न्यायची ती.

आपलं भांडण तसं काय मोठं होतं सांग? तू बाळशेठच्या ऑफिसात, मी बाळशेठची चेष्टा करते. राजकारण आहे, घराघरांत होतं. सोडून दे की.

आता मुद्द्याचं. नेत्राची परीक्षा सप्टेंबरअखेर आहे. तिचे पप्पा म्हणालेत, या वेळी नाही झालं तर लग्न. तिच्या वन-बीएचकेत मावशीच्या घरचे राहायला आलेत, सहा माणसं आणि दिवसभर टीव्ही. ती लिफ्टसमोरच्या लॉबीत फरशीवर बसून वाचते आणि सोसायटीचा सेक्रेटरी येऊन विचारतो, "मॅडम, ये क्या पब्लिक प्लेस है?" तिथून शंभर पावलांवर आपली अभ्यासिका आहे. दोन मजली, ट्यूबलाइट, पंखे, सगळं. आणि दाराला कुलूप.

ती बांधायची म्हणून तूच घराघरांत फिरून वर्गणी काढली होतीस. शेठच्या मित्र मंडळानं बांधली, शेठनं आपल्याच वाढदिवसाला फीत कापली, फोटो काढले, संध्याकाळी दार बंद. आत आता मांडवाच्या खुर्च्या आणि डीजेचे डबे. तू फौजदारकीच्या परीक्षेत चार मार्कांनी राहिलास तेव्हा शेठ म्हणाले, "जयदेव, अभ्यासिका तुझ्या हाती देतो, ये माझ्याकडे." दिली काय? चावी दिली. उघडायची परवानगी नाही दिली.

चावी तुझ्या खिशात आहे, दादूस. कुलूप उघड आणि घरी ये. आधी कुठलं करायचं ते तू ठरव.

जिज्ञासा

&nbsp;

सोनिवली
रविवार, १३ जुलै २०२५

दादूस,

उत्तर नाही. पण डबा धुऊन परत आला. एकोणतीस वर्षांत तू पहिल्यांदा डबा धुतलास, आईनं शेजारणींना बोलावून दाखवला. "माज्या पोराला कुनी ताट तरी देतंय का नाय," म्हणून मग रडली पण.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. खोटं म्हणजे, अर्धं लिहिलं. राजकारण वगैरे काही नव्हतं. तुला माहीत आहे, मला माहीत आहे, आणि एकसष्ट हजार लोकांना माहीत आहे, त्यामुळं लपवून तरी काय उपयोग.

ती रील मी केली. आवाज नेत्राचा होता पण तिला वाटलं तुला विचारलंय, मीच तसं सांगितलं होतं. शेठच्या बॅनरवरचे खालच्या ओळीतले चेहरे एकेक मोठे करून प्रत्येकावर एक वाक्य. सगळ्यांवर हसून झालं आणि मग तुझा फोटो आला, डावीकडून तिसरा. "परीक्षेत चार मार्कांनी हुकला, बॅनरवर मात्र तिसरा आला." दोन लाख लोकांनी पाहिली. मला वाटलं, वा, काय वाक्य जमलंय! खरंच, देवाशपथ, त्या क्षणी मला तू दिसलाच नाहीस, मला फक्त वाक्य दिसत होतं.

मग नाक्यावरच्या चहावाल्यानं तुला "ए तिसरा, कटिंग देऊ?" म्हणून हाक मारली. ते मला तुझ्या मित्रानं, अल्पेशनं सांगितलं. तू घरी आलास, दोन शर्ट आणि चार्जर घेऊन निघून गेलास. शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं. तुझे ते चार मार्क कसे गेले ते मला सगळ्यात जास्त माहीत आहे. बाबांना दवाखान्यात ठेवलं होतं आणि तू रात्रंदिवस त्यांच्या उशाशी बसून त्या पेपराला गेला होतास. मी त्याच चार मार्कांवर हसू मिळवलं.

आम्ही त्या पेजवर मोठ्यांची चेष्टा करतो म्हणून पोरं आमच्यावर जीव टाकतात. ज्यांचं कुणी ऐकत नाही अशी पोरं. जाहिरात निघत नाही, निघाली तर परीक्षा पुढं ढकलतात, झाली तर निकाल नाही. मेसेज करतात, "ताई, तीन वर्षांनी हसलो." आणि मी त्यांच्यातल्याच एकाला, माझ्याच सख्ख्या भावाला, त्यांच्यापुढं उभं करून हसवलं. शेठला काही झालं नाही, शेठनं ती रील स्वतः फॉरवर्ड केली म्हणे.

रील काढून टाकलीय. लोकांच्या फोनमध्ये असेल, त्याला मी काय करू. आता नियम केलाय, खालच्या ओळीतल्या कुणाचाही चेहरा दाखवायचा नाही, ब्लर करायचा. उशिरा सुचलं. चुकले रे. माफ कर असं म्हणायची पण लाज वाटते, तरी म्हणते.

जिज्ञासा

&nbsp;

उल्हासनगर, दुकानातून
रविवार, १० ऑगस्ट २०२५

दादूस,

रविवार असून दुकान चालू आहे, कारण परवा तुझ्या शेठचा वाढदिवस. आज आपण दोघं तीन तास एकाच ग्रुपवर होतो, तुला कळलं का? दुकानाचा नंबर माझ्याच हातात होता. 'बाळशेठ बर्थडे बॅनर प्रूफ', दुकान सोडून सभासद बेचाळीस, आणि खालच्या ओळींत चेहरेही बेचाळीस.

काय रे ही माणसं! प्रूफ टाकलं आणि धो धो मेसेज. "माझा फोटो काळा दिसतो." "माझ्या नावापुढं मा. नाही." "कैलास माझ्यावर कसा, तो तर मागच्या वर्षी दुसऱ्या पार्टीत होता." एकानं तर स्वतःचा चेहरा एवढा मोठा करून त्याचा स्क्रीनशॉट पाठवला की आधी मला कळेना, हे नाक आहे की बटाटा. मी तीन तास चेहरे गोरे करत, वर-खाली करत बसले. शेवटी सगळ्यांचे अंगठे आले. कमलेशजी म्हणाले, तुझाही ओके त्यांच्या फोनवर आला. त्यांच्या फोनवर का रे? दुकानाच्या नंबरवर मी असते म्हणून? असो. आमचे छपाईवाले सदूकाका मशीनवर गेलेत, उद्या संध्याकाळी नाक्यावर लागेल. वीस बाय दहा.

प्रूफ टाकायच्या आधी, जेवणाच्या सुट्टीत, मी आमच्या पेजचं पण काम उरकलं. शेठच्या वाढदिवसालाच अभ्यासिकेची फीत कापली होती ना, म्हणजे कुलपाचा वाढदिवसही त्याच दिवशी. शेठच्याच बॅनरची कॉपी घेतली, तोच पिवळा रंग, तीच लाल कड, हात जोडलेले तेच शेठ, फक्त मधला मजकूर आमचा:

"ज्यांनी एकाही विद्यार्थ्याला आत पाऊल टाकू दिलं नाही, असे कर्तव्यदक्ष, निष्ठावान, कणखर नेतृत्व, अभ्यासिकेचे आधारस्तंभ मा. श्री. कुलूपराव यांना दुसऱ्या वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा!"

पक्षाच्या गोल चिन्हाच्या जागी कुलपाचा छोटा फोटो टाकलाय. चेहरे अजून ब्लर करायचेत, परवा सकाळी करते आणि मग पेजवर टाकते. तुझा चेहरा पहिल्यांदा ब्लर करीन, शप्पथ.

नेत्राला काल सेक्रेटरीनं लॉबीतून उठवलं. आता ती मंगल कार्यालयाच्या पार्किंगमध्ये बसते. परीक्षेला दीड महिना राहिलाय तिच्या.

जिज्ञासा

&nbsp;

सोनिवली
बुधवार, १३ ऑगस्ट २०२५

दादूस!

कुठून सुरू करू? तू तिथं होतास, पण तुला अर्धंच माहीत आहे, मी सगळं सांगते.

काल सकाळी अकराला दुकानात नेत्राचा फोन. किंचाळत होती. "जिज्ञासा, तुझी डेरिंग! शेठच्या डोक्यावर लावलंस?" मी म्हटलं, काय लावलं? म्हणे, "कुलूपराव!" मी म्हटलं, अगं अजून पोस्ट कुठं केलंय, चेहरे ब्लर करायचेत. तेवढ्यात तिनं काढलेला फोटो आला.

नाक्यावर, वीस बाय दहा, दोन बांबूंच्या मध्ये, माझा कुलूपराव. आणि त्याच्या खाली पांढऱ्या कपड्यांत, गळ्यात हार घातलेले, केक कापणारे बाळशेठ. बाजूला बेचाळीसच्या बेचाळीस. डीजे चालू. ड्रोन फिरतोय. फेसबुकवर लाइव्ह चालू होऊन चाळीस मिनिटं झालेली. आणि एकाही माणसानं मान वर करून मजकूर वाचलेला नाही!

मी कॉम्प्युटर उघडला तर काय, रविवारी मी ग्रुपवर टाकलेलं प्रूफच चुकीचं होतं. कॉपी आणि मूळ फाइल शेजारी शेजारी, दोन्हींचं नाव 'फायनल'. फोनवर एवढंसं दिसतं, पिवळं पिवळं, शेठ शेठ. बेचाळीस जणांनी फक्त आपापला चेहरा बघून अंगठा दिला. आणि हसू नकोस, मी स्वतः तीन तास त्याच फायलीत चेहरे गोरे करत होते, माझंच वाक्य माझ्या डोळ्यांपुढं होतं, मला दिसलं नाही. इतकी वर्षं बॅनर करून करून मधलं वाचायची सवयच गेलीय बघ.

मी सदूकाकांवर धावले. "काका, छापताना वाचलं नाहीत?" ते डबा खात होते, शांतपणे म्हणाले, "पोरी, मी अक्षर बघतो, अर्थ बघत नाही. अर्थ बघितला असता तर या धंद्यात बावीस वर्षं टिकलो असतो का?"

मग कमलेशजींकडं गेले. म्हटलं, सर, मला कामावरून काढा, चूक माझी आहे. त्यांनी फोटो बघितला, चष्मा वर केला, परत बघितला आणि इतके हसले की पाणी मागवावं लागलं. मग म्हणाले, "अडे बाबा, पार्टी का ओके आया था ना? ओके आया मतलब अपनी जिम्मेदारी खतम. बिल पे भी लिखा है, बोर्ड पे भी लिखा है. बयालीस ओके है मेरे पास, बयालीस! जा, चाय पी."

मी चहा प्यायले आणि मग माझं डोकं चालायला लागलं. चेहरे ब्लर करायला आता काही उरलंच नव्हतं. नेत्राचा फोटो जसाच्या तसा पेजवर टाकला, शेठ, केक, वर कुलूपराव. खाली एकच ओळ: "या फोटोत आम्ही काहीही एडिट केलेलं नाही."

दादूस, दीड तासात चार लाख. मोबाइल गरम झाला, शप्पथ. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण, मग कुठून कुठून. पोरं आपापल्या गावातल्या कुलपांचे फोटो टाकायला लागली. "आमच्या व्यायामशाळेचे कुलूपराव, वय पाच." "आमच्या वाचनालयाचे, वय अकरा, लवकरच दहावीला." मी दुकानात उभी राहून रडत हसत होते.

आणि तिकडं नाक्यावर काय झालं ते मला अल्पेशनं सांगितलं. शेठला कुणीतरी फोन दाखवला. शेठ ओरडले, "उतरवा ते, फाडा!" एकही माणूस पुढं येईना. कारण फाडायचं म्हणजे चेहरे फाडायचे. कैलास म्हणाला, "माझ्या फोटोला हात लावायचा नाही, वाढदिवसाच्या दिवशी अपशकुन होतो." दुसरा म्हणाला, "शेठचा फोटो कोण फाडणार, उद्या विरोधक म्हणतील आम्हीच फाडला." एक तास बॅनरखाली उभं राहून भांडत होते, तेही लाइव्हवर गेलं!

मग बुवापाड्याच्या एका पोरानं कमेंट टाकली. "वाढदिवस आहे तर केक कोण आणतंय?" बस. पाच वाजता अभ्यासिकेच्या दारात सात केक होते. पोरं किती म्हणशील? मी दीडशेपर्यंत मोजली आणि सोडून दिलं. सगळ्यांच्या पाठीला सॅक आणि सॅकमध्ये पुस्तकं. कुणीतरी कुलपाला हार घातला. नेत्रा पायरीवर चढली आणि अगदी शेठच्या आवाजात, हात हलवत बोलली, "मित्रहो, कुलूपरावांनी कधी जात पाहिली नाही, धर्म पाहिला नाही, गरीब-श्रीमंत पाहिला नाही. सगळ्यांना सारखंच बाहेर ठेवलं!" काय शिट्ट्या, काय टाळ्या! लॉबीतून हाकललेली पोरगी ती, आणि दीडशे जणांना नाचवत होती.

तेवढ्यात तुझी मोटारसायकल आली.

तुला वाटलं असेल मी नव्हते. मी होते. पाण्याच्या टाकीमागं, हातात केकचा खोका धरून. भित्री म्हण. शेठनं तुला पोरांना पांगवायला पाठवलंय हे सगळ्यांना कळलं होतं. आणि कुठूनतरी एक आवाज आला, "तिसरा आला रे!" दोन-चार जण हसले. दादूस, मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. माझं वाक्य, तिथं, तुझ्या तोंडावर.

तू त्या पोराकडं बघितलंस. म्हणालास, "हो, तिसराच. तू कितवा आहेस? तीन वर्षं बाहेर उभा आहेस की." आणि हसलास. मग पोरं पण हसली, पण वेगळी हसली. मग तू खिशात हात घातलास आणि चावी काढलीस.

ते कुलूप इतकं गंजलेलं की फिरेना. तू चावी काढून पँटला पुसलीस, परत घातलीस, नाही. समोरच्या उमाकाकू धावत खोबरेल तेल घेऊन आल्या, केसांना लावतात ते. तू तेल सोडलंस, थांबलास, परत फिरवलंस. खट् झालं. मला इतक्या लांब ऐकू आलं. जो काय आरडाओरडा झाला तो तू ऐकलासच, माझाही त्यात होता.

तू भाषण केलं नाहीस. एवढंच म्हणालास, "खुर्च्या बाहेर काढा, झाडू कुणी आणा, अर्धा तास लागेल." आणि पहिली खुर्ची तू उचललीस.

मला तुझ्याजवळ यायचं होतं. पण केक टाकीवर ठेवून घरी आले आणि आईला सांगितलं. आई देवाला दिवा लावून आली आणि म्हणाली, "आता नोकरी गेली त्याची." मग, "जाउं दे गेली तं."

जिज्ञासा

ता. क. मी 'दुसऱ्या वाढदिवसाच्या' लिहिलं होतं. नाक्यावर 'तिसऱ्या' होतं. गणितात मी कच्चीच, सदूकाकांनी सुधारलं असेल.

&nbsp;

उल्हासनगर, दुकानातून
रविवार, २४ ऑगस्ट २०२५

दादूस,

काल कमलेशजींनी मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, बिलाच्या फाइलला लावायचेत, त्या दिवसाचे सगळे ओके प्रिंट काढ. त्यांचा फोन माझ्या हातात दिला. वर वर करत गेले आणि तुझा मेसेज सापडला. रविवार, १० ऑगस्ट, चार वाजून वीस मिनिटं.

"दुसरा नाही, तिसरा. १२ ऑगस्ट २०२२ ला फीत कापली, मी तिथे होतो. बाकी ओके. छापा."

मी तो चार वेळा वाचला. पाचव्यांदा वाचताना अक्षरं दिसेनात. कमलेशजींना वाटलं कुणाची वाईट बातमी आली, ते बिचारे खुर्ची पुढं करत होते.

तू वाचलं होतंस. बेचाळीस जणांत एकट्यानं मधलं वाचलं होतंस. तुला कळलं होतं ते कुणाचं आहे, कुणाच्या हातून चुकून आलंय, आणि दोन दिवसांनी नाक्यावर काय होणार आहे. एक फोन केला असतास तर प्रूफ बदललं असतं, शेठ वाचले असते, तुझी नोकरी वाचली असती. तू फक्त माझं गणित दुरुस्त केलंस आणि छापा म्हणालास. आणि दोन दिवस खिशात चावी घेऊन, तोंड बंद ठेवून, त्या माणसाच्या शेजारी केक कापायला उभा राहिलास. मी स्वतःला फार मोठी चेष्टा करणारी समजत होते रे. तू माझा बाप निघालास.

कमलेशजींना विचारलं, तुम्ही वाचला होता हा मेसेज? ते सिंधीत स्वतःशीच काहीतरी पुटपुटले आणि म्हणाले, "मैं ओके देखता हूँ, बेटा. करेक्शन सदू को फॉरवर्ड कर देता हूँ." सगळेच इथं एकेक भाग बघतात.

शेठची गंमत ऐक. तू कुलूप उघडलंस त्याच संध्याकाळी सातला ते लाइव्ह आले, "माझ्या वाढदिवसाची भेट म्हणून तरुणांसाठी अभ्यासिका खुली करताना मला आनंद होत आहे." आता परत बंद करायची सोयच राहिली नाही. पुढच्या आठवड्यात ऑर्डर आली, 'अभ्यासिका खुली केल्याबद्दल मा. बाळशेठ यांचे जाहीर आभार', पंधरा बाय दहा. मीच केलं, अगदी मन लावून केलं, शेठ दोन इंच उंच पण केले. या वेळी ग्रुपवर पहिल्यांदाच सगळ्यांनी मजकूर वाचला, तोही मोठ्यानं, एकमेकांना. खाली चेहरे एकेचाळीस. डावीकडून तिसऱ्या जागी कैलास आला, खूश आहे.

तू शेठला म्हणालास म्हणे, "चावी पोरांना दिली, आता ऑफिसात माझं काय काम?" अल्पेशनं सांगितलं. चिखलोलीची खोली महिनाअखेर सोडणार आहेस हेही त्यानंच सांगितलं. पुढं कुठं ते त्याला माहीत नाही म्हणतो. खोटारडा आहे, पण विचारायची माझी हिंमत नाही.

मी अजून ब्लॉकच आहे. काल परत करून बघितलं.

जिज्ञासा

&nbsp;

अभ्यासिका, पहिला मजला, खिडकीजवळचं टेबल
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

दादूस,

मी तुझ्या समोरच बसलेय, मान वर केलीस तर दिसेन. इथं बोलायची बंदी आहे, आणि बंदी करणारी आपली नेत्रा आहे. रजिस्टर तिच्याकडं दिलंय तेव्हापासून तिच्या अंगात सेक्रेटरी शिरलाय. काल एकाला जोरात शिंकला म्हणून बाहेर पाठवलं. म्हणून लिहून टेबलावरून सरकवतेय. पेनही घे, तुझं चालत नाही हे मघापासून बघतेय.

तुझं नाव रजिस्टरमध्ये पाहिलं. क्रमांक एकसष्ट, जयदेव हरिचंद्र, परीक्षेच्या रकान्यात 'फौजदार, शेवटचा प्रयत्न'. रांगेत उभा राहून नाव लिहिलंस म्हणे, कुणी पुढं ये म्हटलं तरी नाही गेलास. आज खाली चौऱ्याहत्तर जण आहेत, वर एकतीस. बुवापाड्याची तिघं तर सायकलीवर येतात. आमच्या पेजवर काल एकानं मेसेज केला, "ताई, हल्ली पोस्ट कमी का?" मी लिहिलं, सगळे भावी बेकार अभ्यासाला बसलेत. इतका आनंद मला चार लाखांनी पण झाला नव्हता.

तुला कुणी इथं 'तिसरा' म्हणत नाही, 'सर' म्हणतात. मघाशी त्या मुलीला तू इतिहासाची सनावळी समजावत होतास, कागदावर, न बोलता. मी ऐकत नव्हते, बघत होते.

आता खरं विचारते. आठ महिने झाले. अल्पेशच्या खोलीवर जमिनीवर झोपतोस ते मला कळलंय, तो खोटं नीट बोलत नाही. मी केलं ते वाईट होतं, तू त्याबद्दल एक शब्द बोलला नाहीस, बोलू पण नकोस वाटलं तर. पण आई रोज संध्याकाळी ओट्यावर बसते. घरी कधी येतोस?

उत्तर इथंच खाली लिही.

जिज्ञासा

&nbsp;

आज. सहा वाजता निघू, तुझ्या स्कूटीवर, मी चालवणार. आईला आत्ता कळवू नको, उगाच सगळ्या आळीला बोलावून ठेवेल. आणि आता गप बस, नेत्रा इकडेच येतेय.